फॉर्मवरचा रिकामा रकाना

बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलाची पहिली परीक्षा कागदावर होते. कॉलेजचा प्रवेश असो, बँकेतलं खातं असो, कॉट बेसिसवरची जागा असो की मॉलमधली सुरक्षारक्षकाची नोकरी. फॉर्मवर कुठेतरी ‘पालकाचे नाव व मोबाइल क्रमांक’ असा रकाना असतोच. बरोबरीची मुलं तो दोन सेकंदांत भरतात. याचं पेन तिथे अडतं. कुणी संस्थेच्या अधीक्षकांचा नंबर टाकतं, कुणी मित्राचा. कुणी रकाना तसाच सोडतं आणि खिडकीपलीकडचा कारकून काय विचारेल या धास्तीने रांगेत उभं राहतं.

बेघर आणि आधार तुटलेल्या मुलांना ‘मेंटॉर’ मिळवून देण्याचं जे काम जगभर चालतं, ते या रकान्यात भरता येईल असं एक माणूस शोधण्याचं काम आहे. मार्गदर्शक हा शब्द त्याला अपुरा पडतो, कारण मार्गदर्शन काय, भिंतीवरच्या सुविचारातूनही होतं. संस्थांमधली मुलं अशा माणसाला ताई किंवा दादा म्हणतात. मराठीत पाठीराखा हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा. रात्री अकरा वाजता फोन केला तर उचलणारं, ओरडलं तरी सोडून न जाणारं मोठं माणूस. असं माणूस बाहेरून मिळवून देता येतं का, त्याने मुलाच्या आयुष्यात खरंच फरक पडतो का आणि चुकीच्या हातून काय बिघडतं, या तीन प्रश्नांवर शंभरेक वर्षांचा अनुभव आता जमा झाला आहे.

आधी ही मुलं कोण, ते पाहायला हवं. टाटा समाजविज्ञान संस्था आणि ॲक्शनएड यांनी मुंबईत रस्त्यावरच्या मुलांची गणना केली होती. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात ३७,०५९ मुलांची नोंद आहे. त्यातली बहुसंख्य एकटी नव्हती. उड्डाणपुलाखाली, फुटपाथवर, प्लास्टिकच्या कागदाखाली ती आपल्या कुटुंबासोबतच राहत होती. एकट्याने घर सोडणारं मूल बहुधा आधी रेल्वेत सापडतं. रेल्वे सुरक्षा दलाने ‘नन्हे फरिश्ते’ या मोहिमेत २०१८पासूनच्या सात वर्षांत देशभरातली स्थानकं आणि गाड्यांमधून ८४,११९ मुलांना ताब्यात घेऊन सुरक्षित हाती दिलं. याखेरीज बालगृहांत वाढणारी मुलं आहेत, निरीक्षणगृहातून सुटून पुन्हा त्याच वस्तीत परतणारी आहेत, वेश्यावस्तीत जन्मलेली आहेत, ऊसतोडीच्या किंवा दगडखाणीच्या मागे फिरणारीही आहेत. कायदा त्यांना ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ आणि ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ अशा दोन रकान्यांत बसवतो. प्रत्यक्षात एकच मूल वर्षभरात दोन्हीकडे जाऊन येतं.

या मुलांपर्यंत पोचण्याच्या महाराष्ट्रातल्या बहुतेक प्रयत्नांची सुरुवात योजनेतून झाली नाही. कुणीतरी थांबलं आणि मुलांशी बोलू लागलं, तिथून ती झाली. रेणू गावस्कर मुंबईतल्या डेव्हिड ससून इंडस्ट्रियल स्कूलमध्ये मुलांना गोष्टी सांगायला जाऊ लागल्या आणि अनेक वर्षं जात राहिल्या. चोरीमारी केलेली, घरातून पळालेली, आई-बापांनीच आणून सोडलेली ती मुलं होती. गावस्करांच्या ‘आमचा काय गुन्हा?’ या पुस्तकातून ही मुलं मराठी मध्यमवर्गाच्या घरात आली, तीही केस नंबर म्हणून नव्हे, नावं असलेली, रुसणारी, खोटं बोलणारी, जीव लावणारी मुलं म्हणून. गावस्करांच्या हाती ना अधिकार होता ना निधी. ठरलेल्या दिवशी येणं, हीच त्यांची एकमेव ताकद होती.

मुलांच्या हेल्पलाइनच्या १०९८ या क्रमांकाची कथाही अशीच. जेरू बिलिमोरिया टाटा समाजविज्ञान संस्थेत असताना रस्त्यावरच्या मुलांशी त्यांची ओळख वाढली. ‘अडचण आली तर फोन करा’ असं त्या म्हणाल्या आणि मुलं खरंच रात्री-अपरात्री फोन करू लागली. त्यातून १९९६मध्ये मुंबईत चाइल्डलाइन सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. आता ही सेवा सरकारने आपल्याकडे घेतली आहे. मात्र तिचा उगम आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे: मुलांना आधी एका ओळखीच्या बाईंचा नंबर हवा होता, हेल्पलाइन नंतर झाली.

जिथे गाडी थांबते तिथेच मुलाला गाठायचं, हे सूत्र धरून विजय जाधव यांची समतोल फाउंडेशन मुंबईच्या स्थानकांवर काम करते. कार्यकर्ते फलाटावर मुलाशी बोलतात, त्याला काही आठवड्यांच्या निवासी शिबिरात नेतात आणि तो तयार झाला की घरच्यांशी गाठ घालून देतात. घर सोडलेल्या मुलाला पहिल्या काही दिवसांत विश्वासाचं माणूस भेटलं, तर परतीची वाट मोकळी राहते. महिने उलटले की व्यसन लागतं, टोळी मिळते, आणि फलाटच घर होतं.

सरकारी किंवा संस्थात्मक चौकटीत स्वयंसेवक आणि मूल यांची जोडी लावण्याची पद्धत अमेरिकेत रुजली. अर्नेस्ट कूल्टर हा न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातला कारकून. रोज त्याच्यासमोर मुलं येत, शिक्षा घेत, पुन्हा येत. १९०४मध्ये त्याने शहरातल्या काही प्रतिष्ठित माणसांना गाठलं आणि एकेकाने एकेका मुलाचा मोठा भाऊ व्हावं, असं आवाहन केलं. त्यातूनच पुढे ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ ही संस्था उभी राहिली.

नव्वद वर्षांनी तिची कसून तपासणी झाली. प्रतीक्षायादीतल्या साडेनऊशेच्या वर मुलांचे चिठ्ठी टाकून दोन गट केले. एका गटाला लगेच दादा किंवा ताई मिळाली, दुसऱ्याला दीड वर्ष थांबावं लागलं. १९९५च्या अहवालानुसार, पहिल्या गटातल्या मुलांमध्ये अमली पदार्थांना हात घालण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी आणि दारू सुरू करण्याचं २७ टक्क्यांनी कमी होतं. त्यांच्या शाळेला दांड्या निम्म्यावर आल्या होत्या. त्या जोड्या भेटून करत काय होत्या? खात होत्या, खेळत होत्या, भटकत होत्या. महिन्यातून साधारण तीनदा, तीन-चार तास. व्यसनमुक्तीचं एकही व्याख्यान त्यात नव्हतं.

त्याच सुमारास अशा ८२ जोड्यांचं जवळून निरीक्षण झालं आणि एक महत्त्वाचा भेद पुढे आला. काही मोठी माणसं पहिल्या दिवसापासून मुलाला सुधारायला निघाली होती: मार्क वाढव, भाषा सुधार, संगत सोड. बाकीच्यांनी आधी दोस्ती केली, काय खेळायचं ते मुलाला ठरवू दिलं, आणि अभ्यासाचा विषय मुलाने काढला तेव्हाच काढला. सुधारकांच्या जोड्या बहुतांशी तुटल्या, दोस्तांच्या टिकल्या. वर्गात, घरात, पोलीस चौकीत ज्याला सतत ‘तू कसा चुकतोस’ हेच ऐकावं लागलं, त्याला तेच सांगणारं आणखी एक माणूस नकोच असतं.

हवाईतल्या काउई बेटावरचा अभ्यास याला आणखी खोली देतो. एमी वर्नर यांनी १९५५मध्ये तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. साधारण एक तृतीयांश मुलं गरिबी, आजार, घरातली भांडणं, व्यसनी पालक अशा अनेक संकटांत वाढत होती. त्यातलीही तिसऱ्या हिश्श्याची मुलं धडधाकट, कर्ती, प्रेमळ माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात पुन्हापुन्हा दिसलेली गोष्ट म्हणजे निदान एक तरी स्थिर मोठं माणूस: आजी, मोठी बहीण, शिक्षिका, शेजारीण. ते आई-वडीलच असावेत, अशी काही अट नव्हती.

इथपर्यंत सगळं दिलासा देणारं आहे. पण या विषयावर लिहिताना केंब्रिज-समरव्हिलचा प्रयोग वगळणं अप्रामाणिकपणाचं होईल. मॅसॅच्युसेट्समधल्या या दोन शहरांत १९३९मध्ये ५०६ मुलांचा अभ्यास सुरू झाला. निम्म्या मुलांना समुपदेशक दिले. ते सरासरी पाच वर्षांहून अधिक काळ महिन्यातून दोनदा घरी जात, अभ्यास घेत, दवाखान्यात नेत, उन्हाळी शिबिरांना पाठवत. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी ही मुलं, म्हणजे तोवर प्रौढ झालेले पुरुष, शोधून काढली. त्यातल्या बहुतेकांनी त्या समुपदेशकांची आठवण कृतज्ञतेने काढली. आकडे मात्र उलटं सांगत होते. मदत मिळालेल्या गटात पुन्हापुन्हा गुन्हे करणं, दारूचं व्यसन आणि अकाली मृत्यू अधिक होते. पुढच्या विश्लेषणात बोट उन्हाळी शिबिरांकडे वळलं. बिघडण्याच्या वाटेवरची मुलं एकत्र आणली आणि मोठ्यांचं लक्ष हटलं, की ती एकमेकांची गुरू होतात. आपल्याकडे निरीक्षणगृहांत पहिल्यांदा चूक केलेला मुलगा आणि टोळीतला मुलगा एकाच बराकीत झोपतात, तेव्हा दुसरं काय घडतं?

दुसरा इशारा काळाचा आहे. जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स यांनी २००२मध्ये दाखवून दिलं, की वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या नात्यांतून मुलांना सर्वाधिक फायदा झाला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या नात्यांनी मात्र मुलांचं नुकसान केलं. स्वतःच्या किमतीबद्दलची त्यांची भावना आधीपेक्षा खाली गेली. याचं कारण समजायला संशोधक असावं लागत नाही. ज्या मुलाला एकदा आई-बापाने सोडलं, त्याच्या मनात ‘मीच सोडून जाण्याच्या लायकीचा’ ही खूण आधीच असते. तीन रविवार येऊन चौथ्या रविवारी गायब झालेला दादा ती खूण खोल करतो.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही बालगृहाच्या पायरीवर हे दृश्य दिसेल. वाढदिवसाचा केक घेऊन कुटुंब येतं, दिवाळीला कंपनीचे टी-शर्ट घातलेला गट येतो, फोटो निघतात, मुलं शिकवलेलं गाणं म्हणतात. सहा-सात वर्षांची पोर येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात पडते. पाहुण्यांना वाटतं, किती लाघवी आहे. खरं तर ओळखी-अनोळखीचा फरक तिला कुणी शिकूच दिलेला नाही. चौदा वर्षांचा तिचा दादा मात्र भिंतीला टेकून दूर उभा असतो. तो असे गट मोजायचं कधीच थांबलेला असतो.

तरीही आपल्याकडे टिकून राहण्याचे चांगले नमुने आहेत. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमधले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात वस्तीतली मुलं एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली आणि त्यांच्यापुढे फुटबॉल टाकला. २००१मध्ये ‘झोपडपट्टी फुटबॉल’ सुरू झालं, त्यातूनच ‘स्लम सॉकर’ ही संस्था झाली. तिचे खेळाडू ‘होमलेस वर्ल्ड कप’मध्ये भारतातर्फे उतरले, २०१६मध्ये संस्थेला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला आणि २०२२मध्ये नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ने ही गोष्ट घराघरांत नेली. चित्रपटात विमानतळापर्यंतचा प्रवास दिसतो. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे एकेकाळी गुन्हेगारीच्या काठावर असलेली मुलं पुढे त्याच वस्त्यांत प्रशिक्षक झाली. मुंबईत १९९९मध्ये मॅथ्यू स्पेसी यांनी सुरू केलेल्या मॅजिक बसनेही खेळ हाच धागा धरला आणि वस्तीतल्याच तरुणांना धाकट्यांचे दादा-ताई केलं. बाहेरून आलेला स्वयंसेवक नोकरी बदलली की शहर सोडतो. गल्लीतला दादा संध्याकाळी नळावरही भेटतो.

दिल्लीच्या उदयन केअरने दुसरी वाट घेतली. छोट्या घरांत मोजकी मुलं आणि प्रत्येक घराशी स्वेच्छेने, दीर्घकाळासाठी बांधून घेतलेल्या ‘मेंटॉर मदर्स’. बंगळुरूच्या मेंटॉर टुगेदरने २००९पासून एकास एक जोड्या लावण्याचं शास्त्र भारतात आणलं: निवड, प्रशिक्षण, मुदतीचा करार, देखरेख.

एक गोष्ट मात्र जवळून पाहण्यासारखी आहे. पश्चिम बंगालमधल्या पुरुलियाचा विकी रॉय अकराव्या वर्षी घरातून पळून दिल्लीला आला, स्थानकावर कचरा वेचू लागला आणि सलाम बालक ट्रस्टच्या आसऱ्याला पोचला. ‘सलाम बॉम्बे’ या चित्रपटाच्या पाठोपाठ १९८८मध्ये उभी राहिलेली ही संस्था. अठराव्या वर्षी नियमानुसार त्याला निवारा सोडावा लागला. पण संस्थेने हात सोडला नाही. कॅमेऱ्यासाठी २८ हजार रुपयांचं कर्ज दिलं, फेड महिना पाचशेची. छायाचित्रकार अनय मान यांनी त्याला हाताखाली घेतलं, ते निदान तीन वर्षं राहायचं या अटीवर. खोलीचं भाडं आणि हप्ता भागवायला विकी संध्याकाळी हॉटेलांत वेटरचं काम करत होता. आज तो देशातल्या नावाजलेल्या छायाचित्रकारांपैकी एक आहे. या यशात मुलाची जिद्द आहेच. तिच्याभोवती काय काय होतं, तेही पाहायला हवं: डोक्यावर छप्पर, परत करायचं म्हणून सन्मानाचं वाटणारं कर्ज, हाताला कसब आणि ‘तीन वर्षं’ असं मोजून सांगणारा उस्ताद. यातली एक गोष्ट वगळली असती, तर बाकीच्या तिन्ही बहुधा वाया गेल्या असत्या.

अठरा हा आकडाच या प्रश्नाचा गाभा आहे. घरात वाढलेलं मूल अठराव्या वर्षी बारावीच्या निकालाची वाट पाहत असतं. संस्थेतलं मूल त्याच दिवशी कायद्याने परकं होतं. २०१५च्या बाल न्याय कायद्यात अशा मुलांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्यापर्यंत. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० रुपयांची सोय आहे. महाराष्ट्रात मुलांसाठी अनुरक्षण गृहं आहेत. २०१८मध्ये राज्याने अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण दिलं. या निर्णयामागे गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढून पुण्यात आलेल्या एका तरुणीचा पाठपुरावा होता. स्पर्धापरीक्षेत ती फक्त कुठल्याच रकान्यात बसत नसल्यामुळे मागे पडली होती.

कागदावरची चौकट अशी बरी आहे. पण तिच्यापर्यंत पोचायला अनाथ प्रमाणपत्र हवं, त्यासाठी अर्ज हवा, अर्जासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालायला हवेत, आणि हे सगळं त्या मुलाला कुणीतरी आधी सांगायला हवं. उदयन केअरने २०१९मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या ४३५ तरुणांशी बोलून केलेल्या अभ्यासातही हाच धागा आहे: संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला पैशाइतकीच माहितीची, कागदपत्रांची आणि भावनिक आधाराची गरज असते. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर, ज्यांना २०२४मध्ये पद्मश्री मिळाली, ते तर कितीतरी वर्षं एकच मागणी करत आले आहेत, की अठरा वर्षं झाली म्हणून दिव्यांग अनाथांना बाहेर काढू नका. आपल्या मुलांच्या नावापुढे त्यांनी स्वतःचं नाव लावलं. रिकाम्या रकान्याला याहून थेट उत्तर कुणी दिलेलं नाही.

मुलींचा प्रश्न वेगळा आणि अवघड आहे. अनेक संस्थांमध्ये वर्षानुवर्षं ‘पुनर्वसन’ म्हणजे लग्न, असं समीकरण होतं. त्यातली काही लग्नं सुखाची झाली, पण जिला माहेर नाही तिने नवऱ्याचा मार खाल्ला तर जायचं कुठे? अशा मुलीला लग्नाच्या खर्चाआधी माहेरचं एक माणूस हवं. शिक्षण, पगार आणि दिवाळीला हक्काने जाऊन राहता येईल असं एक घर या तीन गोष्टी असतील, तर लग्न हा तिचा निर्णय ठरतो.

सुरक्षिततेबद्दल तडजोड चालत नाही. एकट्या मुलापर्यंत पोचण्याची सोय म्हणून वाईट माणसंही या कामाकडे वळतात. म्हणून पोलीस पडताळणी, सुरुवातीला सगळ्यांसमोर भेटी, पॉक्सो कायद्याची माहिती, मुलाला संस्थेबाहेर तक्रार करता येईल अशी जागा आणि प्रत्येक जोडीवर लक्ष ठेवणारा पगारी समाजकार्यकर्ता एवढं हवंच. यात पैसा लागतो. देणगीदार मुलांच्या दप्तरांना पैसे देतात, समाजकार्यकर्त्याच्या पगाराला देत नाहीत, आणि चांगले उपक्रम नेमके तिथेच कोसळतात.

या कामाचं मोजमापही नेमकं ठेवायला हवं. २०१९मध्ये सत्तर अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात अशा उपक्रमांचा परिणाम खरा, पण मध्यम आकाराचा दिसला. तो निवाऱ्याची, पगाराची, व्यसनावरच्या उपचारांची जागा घेऊ शकत नाही. पुलाखाली झोपणाऱ्या पोराला महिन्यातून दोनदा सिनेमाला नेणं म्हणजे त्याच्या प्रश्नाला उत्तर नव्हे. बरीचशी मुलं कुटुंबासोबत रस्त्यावर आहेत, हे लक्षात घेतलं तर पहिली गरज त्या आईच्या हाताला काम आणि डोक्यावर पत्रा हीच आहे. राज्याची बालसंगोपन योजना मुलामागे दरमहा २,२५० रुपये देते, ते मूल संस्थेत न जाता नातेवाइकांत वाढावं म्हणून. ती रक्कम वेळेवर पोचली, तर कित्येक मुलांना बाहेरच्या पाठीराख्याची गरजच पडणार नाही. आजीच पाठीराखी होईल.

म्हणून आजघडीला महाराष्ट्रासाठी निष्कर्ष असा निघतो. प्रत्येक जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाने सोळाव्या वर्षापासूनच प्रत्येक मुलासाठी एक नावनिशीवार पाठीराखा ठरवावा, अठराव्या वर्षी बाहेर पडण्याच्या दिवसाची वाट पाहू नये. ती जोडी मूल एकवीस वर्षांचं होईपर्यंत चालावी. अनाथ प्रमाणपत्र, आधार, बँक खातं आणि भाड्याची खोली ही चार कामं त्या जोडीच्या यादीत पहिली असावीत.

आणि वाचकांना एक विनंती. यंदा वाढदिवसाला बालगृहात केक नेण्याचा विचार असेल, तर त्याऐवजी अधीक्षकांना विचारा, येत्या वर्षात अठरा पूर्ण होणारं कोण आहे. रीतसर पडताळणी करून घ्या, आणि निदान दोन वर्षं महिन्यातून दोन रविवार देणं जमणार असेल तरच हो म्हणा. जमणार नसेल, तर तसं स्पष्ट सांगून त्या मुलाच्या खोलीचं डिपॉझिट भरा. तीही मोठी मदत आहे. जमणार असेल, तर पहिल्या भेटीत उपदेश करू नका. चहा प्या, त्याला बोलू द्या आणि निघताना तुमचा फोन नंबर त्याच्या वहीत लिहून द्या.